जलमार्ग प्राधिकरणाचा ओपन डे: नुसतं फिरून न येता नीट कसा बघायचा

कालवे, नदीतला नौकामार्ग, लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली नेणारी, दारं असलेली कुंडी), बंधारे, धक्के यांची देखभाल करणारी प्राधिकरणं वर्षातून एखादा दिवस आपली फाटकं लोकांसाठी उघडतात. बहुतेक जण तिथं जत्रेला गेल्यासारखे जातात. पत्रकं गोळा करायची, मुलांना लाइफ जॅकेट घालून फोटो काढायचे, बोटीच्या रांगेत तासभर उभं राहायचं आणि परतायचं. मजा येते, नाही असं नाही. पण ज्यांच्याशी एरवी बोलायचं तर अर्ज टाकून आठवडे वाट बघावी लागते, ती माणसं त्या दिवशी काठावर मोकळी उभी असतात: लॉक चालवणारे, गाळ काढणारे, किती पाणी सोडायचं ते ठरवणारे. आणि जे एरवी पाण्याखाली किंवा कुलपात असतं, ते उघडं असतं. या दोन गोष्टी हाताला लागाव्यात म्हणून काय करायचं, ते इथं क्रमानं लिहिलं आहे.

१. ओपन डे कसला आहे ते आधी ओळखा

सगळे ओपन डे सारखे नसतात. सूचना वाचताना तो कशाच्या निमित्तानं ठेवला आहे ते बघा, कारण तयारी त्यावर ठरते.

एक प्रकार देखभालीचा. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट २०१२ पासून सांभाळते. हिवाळ्यात बोटींची वर्दळ कमी असते, तेव्हा लॉक रिकामे करून दारं बदलण्याची, दगडकाम दुरुस्त करण्याची कामं निघतात आणि त्यातल्या काही ठिकाणी लोकांना कोरड्या लॉकच्या तळापर्यंत उतरू देतात. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हा सर्वात मोलाचा. एकदा दार बसवून पाणी भरलं की तो तळ पुन्हा दिसायला कित्येक वर्षं जातात.

दुसरा चाचणीचा. रॉटरडॅमकडे जाणाऱ्या जलमार्गावर मास्लांटकेरिंग नावाचा अडसर आहे. समुद्राचं वादळी पाणी आत घुसू नये म्हणून तो १९९७ मध्ये सुरू झाला. त्याची दोन दारं प्रत्येकी २१० मीटर लांबीची. वादळांचा मोसम लागण्याआधी, सप्टेंबरच्या सुमारास, वर्षातून एकदा ती चाचणीसाठी मिटवतात आणि ते बघायला काठावर गर्दी होते. इथं वेळेला फार महत्त्व. अर्धा तास उशिरा पोचलात तर मिटलेली दारं दिसतील, मिटताना दिसणार नाहीत.

तिसरा निव्वळ 'या, बघा' असा. अमेरिकेत मिशिगनमधले सू लॉक्स लष्कराचं अभियंता दल चालवतं. लेक सुपीरिअर आणि खालची सरोवरं यांच्या पातळीत तिथं सुमारे २१ फुटांचा फरक आहे आणि मोठमोठी मालवाहू जहाजं तेवढी उतरवावी-चढवावी लागतात. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी तिथं 'इंजिनिअर्स डे' असतो. इतर दिवशी कुंपणाबाहेरून बघावं लागतं, त्या दिवशी लॉकच्या दारांवरून चालत जाता येतं.

आणि चौथा, जो पुष्कळदा वरच्या तिघांच्या पोटात लपलेला असतो: लोकांची मतं घेण्याचा. नवा पूल, गाळ उपसा, बोटी बांधून ठेवण्याच्या जागांचे नवे नियम, बंधाऱ्याची उंची. वरून जत्रा, आतून सुनावणी. सूचनेत 'प्रस्ताव', 'आराखडा', 'अभिप्राय' असे शब्द दिसले की हा प्रकार आहे असं समजा आणि जाण्याआधी तो आराखडा वाचून काढा. तिथं उभ्या उभ्या फलक वाचून मत बनत नाही.

२. हे पाणी नेमकं कुणाच्या अखत्यारीत आहे?

ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया जाते. एकाच नदीवर चार कार्यालयांचा हक्क असू शकतो. बोटींची वाहतूक एकाकडे, पूरनियंत्रण दुसऱ्याकडे, पिण्याचं पाणी उचलणं तिसऱ्याकडे, सांडपाणी चौथ्याकडे. काठावरची पायवाट पाचव्याची निघाली तरी नवल नाही. जलमार्गाच्या अभियंत्याला गटाराच्या वासाबद्दल धारेवर धरणारी माणसं प्रत्येक ओपन डेला भेटतात. तो बिचारा मान हलवत राहतो आणि मागची रांग ताटकळते.

प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बहुधा त्यांच्या हद्दीचा नकाशा असतो. त्यावर तुमचा पट्टा शोधा. कुठल्या पुलापासून कुठल्या लॉकपर्यंत, काठ कुणाचा, पाण्याचा तळ कुणाचा. नकाशावरून उलगडलं नाही तर तोच तुमचा पहिला प्रश्न: 'या पट्ट्यात तुमची जबाबदारी कुठं संपते?' हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस सावरून बसतो, कारण त्याचं निम्मं आयुष्य त्याच हद्दीच्या भांडणात गेलेलं असतं.

३. नोंदणी

प्रवेश खुला असला तरी आतल्या गोष्टींना वेळा ठरवून दिलेल्या असतात. कोरड्या लॉकमध्ये उतरणं, नियंत्रण कक्ष, पंपघर, बोटीची फेरी, या सगळ्यांना छोटे गट लागतात आणि जागा लवकर भरतात. नोंदणी सुरू होते त्याच दिवशी करून टाका. दोनच गोष्टी निवडायच्या असतील तर तळ आणि नियंत्रण कक्ष घ्या. बोटीत नंतर कधीही बसता येईल.

नोंदणी करताना अटी बारकाईनं वाचा. तळाशी उतरायला बहुतेक ठिकाणी मचाणाचा जिना असतो, पायऱ्या अरुंद, जाळीच्या आणि ओल्या. लहान मुलांना वयाची किंवा उंचीची अट असू शकते, कडेवर बाळ घेऊन उतरू देत नाहीत, कुत्र्यांना बंदी असते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी आधीच विचारून ठेवा. वरून बघायची जागा, उताराची वाट, जवळ गाडी लावण्याची सोय, हे आधी कळवलं तर होतं. ऐन वेळी कुणालाच काही करता येत नाही.

पाऊस जोरात झाला, वरच्या भागात पाणी चढलं, तर कार्यक्रम रद्द होतो. सकाळी निघण्यापूर्वी एकदा तपासा.

४. गृहपाठ: एक पट्टा, तीन प्रश्न

आदल्या आठवड्यात तुमच्या ओळखीच्या पट्ट्यावर एक चक्कर मारा. कुठं काठ खचलाय, कुठं जलपर्णी दाटलीय, कुठल्या पुलाखाली बोटी अडखळतात, ते बघा आणि फोटो काढा. फोटोत एखादी न हलणारी खूण येऊ द्या: पुलाचा क्रमांक, दिव्याचा खांब, लॉकचं नाव. नुसत्या चिखलाच्या फोटोवरून कुणाला काही कळत नाही.

काठावर पाणी मोजायची उभी पट्टी दिसली तर आकडा टिपून ठेवा. मेट्रिक पट्ट्यांवर बऱ्याचदा रोमन 'ई' अक्षरासारख्या काळ्या-पांढऱ्या खुणा असतात आणि प्रत्येक लहान पट्टा १ सेंटीमीटरचा असतो. लाट असेल तर वरचा आणि खालचा आकडा घेऊन मधला लिहा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पट्टीवरचं शून्य म्हणजे नदीचा तळ असेलच असं नाही. ते एका ठरवलेल्या संदर्भ पातळीपासून मोजलेलं असतं. म्हणून पट्टी ०.४० दाखवत असताना पाणी पुरुषभर खोल असू शकतं.

मग तीन प्रश्न लिहा. जास्त नकोत. 'कालव्यात पाणी कमी का आहे?' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'गेल्या महिन्यात दोन पुलांच्या मधला पट्टा हातभर उतरला होता, वरच्या भागात भरलेला होता. गळती होती, की खालचं दार नीट बसलं नव्हतं, की पाणी मुद्दाम धरून ठेवलं होतं?' असं विचारलंत तर समोरचा माणूस पुढारी असला तरी अभियंत्याला हाक मारतो.

५. काय घालायचं, काय न्यायचं

बंद, पकड असलेले बूट. चप्पल घातलेल्याला तळाशी उतरू देत नाहीत, आणि बरोबरच करतात, कारण लॉकचा तळ म्हणजे शेवाळ आणि चिखल. हेल्मेट तिथंच देतात. हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी घ्या. एक छोटा टॉर्च जरूर न्या. भिंतीतली पाण्याची भोकं आणि दाराच्या सांध्यातले कोपरे अंधारे असतात आणि मोबाइलचा उजेड तिथं पुरत नाही. ड्रोन घरी ठेवा.

अंगावर जखम, ओरखडा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावून जा. गोड्या पाण्याच्या काठी उंदीर असतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. चिखलात हात घातलात तर तोंडाला किंवा डोळ्यांना लावण्याआधी साबणानं धुवा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पाण्याशी संपर्क आल्याचं आवर्जून सांगा, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही.

६. पोचल्यावर आधी कुठं?

दार उघडतानाच पोचा. नोंदणीच्या टेबलावर दिवसाचं वेळापत्रक मिळतं. त्यावर तुमच्या वेळांना खूण करा आणि मग थेट पाण्याकडे चालू लागा. स्टॉल शेवटी. पहिल्या तासात कर्मचारी ताजे असतात, गर्दी नसते आणि गटात पंधराऐवजी पाच माणसं असतात. दुपारी तोच माणूस तेच वाक्य चाळिसाव्यांदा म्हणत असतो.

मार्गदर्शन करणारा जनसंपर्कातला आहे की देखभालीच्या टोळीतला, हे बुटांवरून कळतं. टोळीतल्या माणसाच्या मागं राहा.

७. कोरडा लॉक: तळाशी उभं राहून काय बघायचं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

लॉक म्हणजे दोन टोकांना दारं असलेली लांबट कुंडी. वरचं पाणी आत घेतलं की बोट चढते, आतलं पाणी खाली सोडलं की उतरते. पाणी उतारानंच धावतं, बोट उचलायला पंप लागत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तळाशी उभं राहिल्यावर मात्र पहिल्यांदा लक्षात येतं की भिंती केवढ्या उंच आहेत आणि आपल्या डोक्यावर एरवी किती पाणी असतं.

आधी दारांकडे बघा. जोडीची दारं असतील तर ती मिटल्यावर सरळ रेषेत येत नाहीत, वरच्या पाण्याच्या बाजूला टोक करून उभी राहतात. त्यामुळे पाणी जितकं रेटतं तितकी ती एकमेकांवर घट्ट बसतात. कडी नाही, कुलूप नाही, पाण्याचा दाबच कडी. हा दाब किती असतो, त्याचा साधा हिशेब करून बघा. एक दार २.७ मीटर रुंद, पाण्यात ३ मीटर बुडालेलं, आणि दोन्ही बाजूंच्या पातळीत फक्त १० सेंटीमीटरचा फरक. तरी दारावर सुमारे ८०० किलोंचा रेटा येतो. पाणी जवळजवळ समान झालं तरी दार हलत नाही आणि मग बोटवाले चिडून धक्के देतात, त्यामागचं कारण हे.

आता दाराच्या कडेचा उभा खांब बघा. तो भिंतीतल्या गोल खाचेत फिरतो. खाली त्याच्या टोकाला धातूचा खुंट, वर गळपट्टा. रिकाम्या लॉकमध्ये खांब आणि खाच यांच्यात फट दिसते. काम अर्धवट राहिलं की काय, असं वाटतं. पाण्याच्या दाबानं खांब खाचेत दाबला जातो, तेव्हा ती फट मिटते. टॉर्च इथं मारा. लाकडावर पाण्याची जुनी रेघ दिसेल. कायम पाण्याखाली राहिलेलं लाकूड बराच काळ टिकतं. जिथं ते आळीपाळीनं ओलं-सुकं होतं, तिथं कुजतं. ब्रिटिश कालव्यांवरची ओकची दारं साधारण २० ते २५ वर्षांनी बदलावी लागतात. जुनं दार काढून काठावर ठेवलं असेल तर त्या रेघेवर नखानं दाबून बघा आणि खालच्या भागावरही दाबा. फरक बोटाला कळतो. (आधी विचारून घ्या. काही दारं संग्रहालयात जायची असतात.)

दाराच्या पायथ्याशी दगडाचा किंवा लाकडाचा उंचवटा असतो, तो उंबरठा. मिटलेलं दार त्याला टेकतं. वरच्या दाराचा उंबरठा कुंडीत पुढं आलेला असतो आणि बोटवाल्यांचा खरा शत्रू हाच. बोट उतरताना मागचं टोक त्याच्यावर राहिलं तर पाणी खाली जात राहतं, पुढचं टोक बुडत जातं, मागचं अडकून राहतं आणि बोट क्षणात आत पाणी घेते. लॉकच्या भिंतीवर पांढरी रेघ मारून 'बोट हिच्या पुढं ठेवा' असं लिहिलेलं असतं. तळाशी उभं राहून वर त्या रेघेकडे आणि मग उंबरठ्याकडे बघितलंत, की पुन्हा ती रेघ कधी विसरणार नाही.

भिंतीच्या तळालगत चौकोनी भोकं शोधा. पाणी आत-बाहेर जाण्याचे बोगदे ते. बोगदा भिंतीच्या आतून दाराला वळसा घालून जातो आणि वरून फिरवायच्या दांड्यानं त्याची झडप उचलतात. पाणी एकदम का सोडत नाहीत? कुंडीत ते उसळलं तर बोट भिंतीवर आपटते.

आणखी दोन ठिकाणी थांबा. एक, भिंतीतली उभी खाच. तिच्यात एकावर एक आडव्या फळ्या किंवा तुळया सोडून पाणी अडवतात, तेव्हा कुठं लॉक रिकामा करता येतो. फळ्यांच्या फटीतून झिरपणारं पाणी थांबवायला वरच्या बाजूनं पाण्यात राख टाकायची जुनी युक्ती आहे. प्रवाह ती राख फटीतच ओढून नेतो आणि फट बुजते. तुमच्यासमोर हे चालू असेल तर पाच मिनिटं तिथंच काढा. दोन, जुन्या दगडांवरच्या छिन्नीच्या खुणा. कित्येक ठिकाणी पाथरवट आपापली खूण कोरत, म्हणजे कुणी किती दगड घडवले ते मोजून मजुरी देता येई.

पाणी काढण्यापूर्वी मासे कुठं गेले, हेही विचारा. पाणी पूर्ण उपसण्याआधी ते पकडून शेजारच्या पट्ट्यात सोडावे लागतात आणि ती गोष्ट सांगायला टोळीतल्या लोकांना आवडतं.

कालव्याचा पट्टा फार दिवस कोरडा का ठेवत नाहीत, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जुन्या कालव्यांचा तळ मळलेल्या चिकणमातीनं लिंपलेला असतो. ती माती ओली असेपर्यंत पाणी धरते. वाळली की भेगा पडतात आणि पाणी भरल्यावर गळती सुरू. त्यामुळे दुरुस्तीचं वेळापत्रक घड्याळाशी झुंजत चालतं.

८. पाण्याचा हिशेब तिथंच करा

लॉकची लांबी, रुंदी आणि वरच्या-खालच्या पातळीतला फरक विचारा आणि तिघांचा गुणाकार करा. लांबी २५ मीटर, रुंदी ५ मीटर, फरक २.५ मीटर असेल तर ३१२ घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटरांहून जास्त पाणी एका फेरीत खाली जातं. कुंडीत एक बोट असो की चार, पाणी जवळपास तेवढंच. म्हणून उन्हाळ्यात 'जोडीनं या' असा आग्रह धरतात किंवा लॉक ठरावीक वेळीच चालवतात.

पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला सुमारे १९ कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं आणि ते गातून सरोवरातून येतं, जे शहरांना पिण्याचं पाणीही पुरवतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकना बाजूचे हौद जोडले आहेत, त्यात ६० टक्के पाणी परत वापरलं जातं. तरीही २०२३ च्या दुष्काळात रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली.

तुमच्या लॉकबद्दल विचारा: वरच्या टोकाला पाणी येतं कुठून? जलाशयातून, नदीतून, की पंपानं खालचंच वर चढवतात? पंप असतील तर ते कधी चालवतात आणि विजेचा भार कुणावर? या एका धाग्यानं सगळा कारभार उलगडतो.

९. नियंत्रण कक्ष आणि बंधारा

नियंत्रण कक्षात पडद्यांवर ठिकठिकाणच्या पातळ्या दिसतात. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. इथं एकच प्रश्न पुरेसा: 'मध्यरात्री पाणी चढायला लागलं तर पहिली दहा मिनिटं काय होतं?' कुणाचा फोन वाजतो, दार इथूनच उघडतं की कुणाला गाडी काढून जावं लागतं, वीज गेली तर हातानं चालवता येतं का. उत्तर देणारा सहसा एखादी खरी रात्र सांगायला लागतो. मध्ये बोलू नका.

बंधाऱ्यावर नेलं तर कठड्याच्या आतच राहा. पाणी वरून पडतं आणि खाली उलटं वळून बंधाऱ्याकडेच परत येतं. त्या भोवऱ्यात अडकलेली बोट किंवा माणूस बाहेर पडू शकत नाही. वरच्या बाजूनं हे अजिबात दिसत नाही, नुसती शांत रेघ दिसते. बाजूला माशांची शिडी असेल तर ती बघा: पायऱ्यापायऱ्यांचे हौद किंवा खरबरीत उतार. कुठल्या माशांसाठी बांधली आणि ते खरंच चढतात का, हे मोजलंय का, ते विचारा. मोजलेलं असेल तर अभिमानानं सांगतात. नसेल तर विषय बदलतात, आणि तेही एक उत्तरच.

१०. स्टॉल

बोया (बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) आणि इतर खुणांच्या टेबलावर थोडं थांबा. समुद्राकडून आत येताना जगाच्या बऱ्याच भागात लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंडात, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तो उजव्या हाताला. आतल्या जलमार्गांवर खुणा वेगळ्या असू शकतात, म्हणून तुमच्याकडचा तक्ता घ्या.

गाळ मोजणाऱ्यांच्या टेबलावर सोनार यंत्रानं, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजून, काढलेला तळाचा रंगीत नकाशा असतो. त्यावर आपला पट्टा शोधायला सांगा. हा नकाशा कधीचा आहे, पुढचा कधी, आणि गाळ उपसला तर तो जातो कुठं, एवढं विचारा. शहरातल्या गाळात तेल आणि जड धातू असू शकतात. तपासल्याशिवाय तो शेतात टाकता येत नाही आणि खर्चाचा मोठा भाग उपशापेक्षा विल्हेवाटीवर जाऊ शकतो. 'गाळ काढत का नाही' या तक्रारीचं निम्मं उत्तर या टेबलावर मिळतं.

बाहेरून आलेल्या जीवांचा स्टॉल असेल तर कयाक, गळ, बूट वापरणाऱ्यांनी नक्की जावं. झेब्रा शिंपले १९८० च्या दशकाच्या शेवटी जहाजांच्या तोलाच्या (जहाज स्थिर राहावं म्हणून आत भरलेल्या) पाण्यातून अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत पोचले आणि पाणी उचलणाऱ्या नळांत थर साचवून बसले. त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना सामान तपासा, धुवा, पूर्ण वाळवा.

११. मुलं आणि लाइफ जॅकेट

लाइफ जॅकेट घालून फोटो काढायचाच आहे तर नीट बसवून घ्यायला शिका. बंद आवळल्यावर खांद्यांना धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे किंवा माप चुकलंय. लहान मुलांना पायांतून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर अशी गत होते. पोहणाऱ्याला आधार देणारं हलकं जॅकेट आणि बेशुद्ध माणसालाही तोंड वर करून तरंगतं ठेवणारं जॅकेट वेगळं. आतल्या लेबलावर न्यूटनमध्ये आकडा असतो: पहिलं साधारण ५०, दुसरं १०० किंवा १५०.

फेकायच्या दोरीचं प्रात्यक्षिक असेल तर मुलांना आणि स्वतःलाही करू द्या. बुडणाऱ्यामागे उडी मारू नये, हे सगळे ऐकून असतात. दोरी दहा पावलांवर नेमकी पडत नाही, हे फेकल्यावरच कळतं. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, म्हणून हातपाय न मारता आधी पाठीवर तरंगायचं, हेही त्याच वेळी मुलांना सांगून टाका.

१२. मत देण्याच्या फलकांपाशी

वाद घालू नका, तीन गोष्टी काढून घ्या. यातलं काय ठरून गेलंय आणि काय अजून बदलू शकतं? लेखी अभिप्रायाची शेवटची तारीख कोणती? अभिप्रायांचं पुढं काय होतं, त्यांना उत्तरासह प्रसिद्ध करतात का? पहिल्या प्रश्नाला 'सगळंच खुलं आहे' असं उत्तर आलं तर खर्चाचा अंदाज कुठल्या पर्यायाचा काढलाय ते विचारा. ज्याचा काढलाय, तो पर्याय बहुधा ठरलेला आहे.

रंगीत चिकट चिठ्ठ्यांवर एका ओळीत मत लिहायला सांगतात. लिहा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. फॉर्मवर ठिकाण, तारीख, काय दिसलं, काय व्हावं, या क्रमानं चार ओळी लिहा आणि जमा करण्याआधी त्याचा फोटो काढा. तुमच्याजवळचा खचलेल्या काठाचा फोटो संबंधित अधिकाऱ्याला तिथंच दाखवा. तक्रार नोंदवायचा मार्ग कोणता आणि नोंदणी क्रमांक कसा मिळतो, हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. नाव सांगितलं तर ठीक, नाही तर निदान विभागाचं नाव.

कर्मचाऱ्यांवर आवाज चढवून काही मिळत नाही. निधी किती द्यायचा, हे ठरवणारी माणसं सहसा त्या मंडपात नसतात.

१३. घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी टिपणं नीट लिहून काढा. कोण काय म्हणालं हे दोन दिवसांत एकमेकांत मिसळतं. चार-पाच दिवसांत एक छोटा ईमेल पाठवा: ओपन डेला भेट झाली, अमुक ठिकाणाबद्दल बोलणं झालं, तुम्ही अमुक बघतो म्हणालात, फोटो जोडला आहे, नोंदणी क्रमांक कळवावा. एका ईमेलमध्ये एकच विषय. तीन विषय घातलेत तर तो तीन टेबलांवर फिरतो आणि चौथ्यावर झोपतो.

पुढच्या हंगामाच्या दुरुस्त्यांचं वेळापत्रक बरीच प्राधिकरणं आधी जाहीर करतात. त्यात तुमचा लॉक किंवा पट्टा आहे का ते शोधा. असेल, तर काम सुरू होण्याच्या महिनाभर आधी विचारून ठेवा की पाणी काढल्यावर लोकांना आत येऊ देणार आहात का. पुष्कळदा तोवर तसं ठरलेलंच नसतं.